रिकाम्या जागी अंबिका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. अप्पांना सांगायला हवं होतं, पण अप्पा आता राहिले नाहीत — म्हणजे ती वाटही बंद झाली. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटलात तरी मान खाली घालावी लागणार नाही, म्हणून असेल. मी मुद्द्यावर यायला वेळ लावतो, हेही आधीच सांगून ठेवतो. आजवर वेळच तर लावत आलोय.

मी सॉफ्टवेअर लिहितो. मोठं काही नाही. बिदरमध्ये एका सायकलच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि आम्ही गावोगावच्या दूध केंद्रांसाठी प्रोग्राम करायचो. काम साधं असायचं. बाई दूध घेऊन येते, मशीनवर कार्ड ठेवते, दूध मोजलं जातं, फॅट निघतो, चिठ्ठी छापून येते. सगळी माहिती डेटाबेसमध्ये जाऊन बसते. काही बिनसलं, तर डेटाबेस नोंद घ्यायला नकार देतो आणि पडद्यावर तांबडी ओळ येते. इंग्रजीत. शेवटी एक आकडा.

आता ती ओळ वाचणार कोण? दूध घालायला येणाऱ्या निम्म्या बायकांना मराठी, कानडी काहीच वाचता येत नव्हतं. सेक्रेटरी पडद्याकडे बघून म्हणायचा, "मशीन नको म्हणायलंय, बाई." आणि ती बिचारी भरली किटली घेऊन घरी परत. कामून नको म्हणतंय, ते ना त्याला कळायचं ना तिला. मला याचा फार राग यायचा.

म्हणून मी माझे स्वतःचे एरर मेसेज लिहिले. नुसतं "चूक झाली" असं नाही — कुणाची, कुठली, आता काय करायचं, सगळं त्या वाक्यात यायला हवं, असा माझा हट्ट होता. युक्ती सोपी असते. वाक्य तयार ठेवायचं आणि त्यात एक जागा रिकामी सोडायची. बाईनं कार्ड ठेवलं की डेटाबेस यादीतून तिचं नाव काढतो आणि त्या जागी बसवतो. "सुमनबाई, तुमचं सकाळचं दूध आधीच मोजलं आहे." आणि वाचता येत नाही म्हणून मी मशीनला स्पीकर जोडला. ते वाक्य एका बाईच्या आवाजात मोठ्यानं बोललं जायचं. नावाच्या आधी तो आवाज किंचित थांबायचा — नाव दुसरीकडून यायचं ना, म्हणून.

बायका आपलं नाव ऐकून लाजायच्या. मी खूश. खरं सांगू? ते काम चांगलंच होतं. आजही मला तसंच वाटतं, आणि तेच तर वाईट आहे.

पण नावच सापडलं नाही तर? एखादं कार्ड यादीत नसेलच, तर रिकाम्या जागी काय बसवायचं? काहीतरी ठरवून ठेवावं लागतं. "सभासद" असं लिहिलं असतं तरी भागलं असतं.

औराद तालुक्यातल्या एका गावात — नाव सांगत नाही — पहिलं मशीन बसवलं तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची वेळ होती, केंद्रासमोर म्हशी बांधलेल्या, सगळं गाव बघायला जमलेलं. सगळ्यात पुढं एक सून उभी होती. अंबिका. विशीतली असेल. तिच्यामागं तिची सासू, सुभद्राक्का, तोंडाला पदर लावून. अंबिकानं मला सरळ विचारलं, "माझं नाव बोलंल का वो हे?" बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, बोलेल की. मला तो 'सापडलं नाही'चा मेसेज तपासून बघायचाच होता. रिकाम्या जागेसाठी मी तिचं नाव टाइप केलं आणि एक कोरं कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते मशीनवर ठेवलं.

आवाज थांबला. मग म्हणाला, "अंबिका, तुमचं नाव यादीत नाही. कृपया परत जा."

ती इतकी हसली म्हणता! "यादीत न्हाई म्हणं! मी हितंच हाय की!" पुन्हा ठेवलं कार्ड, पुन्हा हसली. सुभद्राक्काही पदराआडून हसत होत्या. नंतर मी चहा प्यायलो, सामान आवरलं आणि शेवटच्या बसनं निघून आलो. ते नाव काढायचं राहून गेलं. तोच प्रोग्राम जसाच्या तसा मी पुढं सगळ्या गावांमध्ये बसवला.

ही चूक. ही मी सहज कबूल करतो, कारण ही अशी चूक कुणाच्याही हातून होते. हे सांगायला मी बसलेलो नाही.

काही महिन्यांनी अंबिका गेली. मला ते तेव्हा कळलं नव्हतं. दिवस मावळताना बांधावर चारा कापायला गेली होती, साप चावला. जीपमधून बिदरला घेऊन निघाले, पण जनवाडा ओलांडल्यावर लगेचच संपली म्हणे. जनवाडा म्हणजे माझं गाव. आमच्या घरासमोरूनच ती जीप गेली असेल.

तिच्यानंतर दूध घेऊन सुभद्राक्का येऊ लागल्या. अंबिकाचं खातं बंद झालं, सेक्रेटरीनं सासूच्या नावानं नवं कार्ड दिलं. पण ते नाव आमच्या यादीत चढवायचं राहिलं होतं. कागद कुठंतरी अडकला असेल. म्हणजे मशीनच्या दृष्टीनं सुभद्राक्का कुणीच नव्हत्या. कोरं कार्ड.

पुढं काय झालं असेल, तुमच्या लक्षात आलं असेलच.

संध्याकाळ, बायकांची रांग, सुतकातून नुकतीच उठलेली म्हातारी. ती कार्ड ठेवते. आवाज थांबतो. आणि मग सगळ्यांच्या देखत — "अंबिका, तुमचं नाव यादीत नाही. कृपया परत जा."

पहिल्या दिवशी किटली हातातून पडली म्हणे. दुधाच्या वासानं कुत्री जमली, ती हाकलायलाही कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माणसं मुद्दाम ऐकायला आली. बाकी कुणी कार्ड ठेवलं की मशीन गप. सुभद्राक्कांनी ठेवलं की नाव. फक्त त्यांनी ठेवलं की.

आमच्या भागात भानामती हा शब्द तुम्ही ऐकला असेल. घरावर दगड येतात, दोरीवरचे कपडे आपोआप पेटतात, चांगली बाई कुत्र्यासारखी भुंकायला लागते. माझे अप्पा शाळामास्तर. घरात देव्हारा नव्हता, बुद्धाची एक मूर्ती होती आणि पुस्तकं होती. भानामतीची बातमी आली की अप्पा सायकल काढायचे आणि मला पुढच्या दांडीवर बसवायचे. त्या गावात जाऊन ते भाषण वगैरे करायचे नाहीत. घराभोवती फिरायचे, छपरावर चढून बघायचे, कपड्यांना नाक लावून रॉकेलचा वास येतो का बघायचे. परत येताना म्हणायचे, "दरवेळी हात असतोय बघ कुणाचा तरी. हात शोधायचा. दुसरं काही न्हाई." मी त्या सायकलच्या दांडीवर मोठा झालेला माणूस आहे. हे ध्यानात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

माणिकअण्णा, म्हणजे त्या केंद्राचे सेक्रेटरी, त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात शेंगा खात बसलो होतो. आवाज दबलेला. "साहेब, इचित्रच व्हायलंय हितं. मेल्याली सून सासूला बोलायलीय." मग सगळं सांगितलं. गावात आता लोक म्हणायला लागले होते की म्हातारीनंच सुनेला काही केलं असणार, नाहीतर पोर अशी तळमळली असती का? कुणाची म्हैस आटली ती म्हातारीनं बघितली म्हणून. कुणाचं लेकरू झोपेत किंचाळलं तेही तिच्यामुळंच. मग अण्णांनी विचारलं, "मशीनमधी काही बिघाड हाय का हे दुसरंच काही हाय? तुमी एक बार सांगा. तुमी म्हणलाव तर मी गावाला सांगतो."

त्यांनी अंबिकाचं नाव घेतलं होतं त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. हातातली शेंग तशीच राहिली.

आणि मी म्हणालो, "मशीन चांगलं आहे, अण्णा. आम्ही तपासलंय."

का म्हणालो? कारणं आहेत, हवी तेवढी आहेत. कलबुर्गीकडच्या गावांचं काम आम्हाला मिळणार होतं, एक तक्रार गेली असती तर हातचं गेलं असतं. पण ते वरचं कारण. आतलं वेगळं होतं. लोकांनी विचारलं असतं — हिचंच नाव का? एवढ्या बायका होत्या, तुम्ही हिचंच नाव कामून घातलाव? मी काय सांगणार होतो? ती हसली म्हणून? परक्याची बायको, आता मेलेली. तसं काही नव्हतं हो. खरंच काही नव्हतं. पण गावासमोर उभं राहून ते "काही नव्हतं" म्हणायचं, याचीच मला भीती वाटली. तेवढ्या भीतीपोटी मी एका म्हाताऱ्या बाईला तिथं एकटीला उभं केलं.

फोन ठेवल्यावर मी जुन्या नोंदी उघडल्या. मशीन काय काय बोललं, हे डेटाबेसमध्ये जमा होत असतं. मी अंबिकाचं नाव टाकून शोधलं. मला वाटलं, त्या एका गावाच्या ओळी येतील.

सगळीकडच्या आल्या. औरादच्या बाजूची गावं, भालकीची, बसवकल्याणची — जिथं जिथं कुणी अनोळखी कार्ड ठेवलं होतं, तिथं तिथं आवाज थांबला होता आणि तिचं नाव घेतलं गेलं होतं. ती गेली त्या संध्याकाळीसुद्धा. कुठल्याशा गावात, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, त्याच वेळेला मशीन म्हणत होतं, अंबिका, परत जा. पडद्यावर खाली खाली जावं तसं नुसतं तिचंच नाव. मला माहीत होतं की हे मीच लिहिलंय. हात माझा होता. तरी मी उठून खोलीतला पंखा बंद केला. पंखा का बंद केला, ते मलाही सांगता येणार नाही.

अप्पांना ही गोष्ट त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळली. गुडघे पार गेले होते त्यांचे, तरी काठी शोधायला लागले. "चल, जाऊ. तुझंच मशीन हाय म्हणं. हात शोधू." मी म्हटलं, अप्पा, एवढ्या उन्हात कुठं जाताय, मी बघून घेतो. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बघ मग," आणि काठी कोपऱ्यात ठेवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते दुरुस्त केलं. ऑफिसात बसून, चहा पिता पिता. रिकाम्या जागेतलं अंबिकाचं नाव पुसलं आणि सुभद्राक्कांचं नाव यादीत चढवलं. झालं. कुणाला काही सांगितलं नाही. उलट मला बरंच वाटलं — आज संध्याकाळी म्हातारी कार्ड ठेवेल, मशीन मुकाट्यानं दूध घेईल, चार दिवसांत गाव विसरेल. आपण तिला वाचवलं, असंही मनात आलं. होय, असं मी स्वतःशी म्हणालो.

मला ठाऊक नव्हतं की त्याच सकाळी गावानं सुभद्राक्कांना एक गाठोडं देऊन बसमध्ये बसवलं होतं. बसवकल्याणला भाऊ होता, त्याच्याकडं. मुलगा खाली मान घालून स्टँडवर उभा होता म्हणे.

आणि त्या संध्याकाळी दूध घेऊन तो मुलगा गेला. घरात दुसरं बाईमाणूस उरलं नव्हतं. आईचंच कार्ड त्यानं मशीनवर ठेवलं. सगळं गाव श्वास रोखून उभं. मशीननं दूध घेतलं, चिठ्ठी दिली. आवाज नाही, नाव नाही.

कार्ड तेच, मशीन तेच, म्हैससुद्धा तीच. फक्त म्हातारी नव्हती.

कळतंय का, मी काय केलं होतं? गावाला तोवर नुसता संशय होता. पुरावा मी दिला. अण्णांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, आवाज एकदम मोकळा. "बाई गेली आन् आवाज बंद झाला बघा, साहेब. मला बी आधी खरं वाटत नव्हतं." तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. बस परत फिरू शकत होती, गाठोडं परत येऊ शकत होतं. मी म्हणालो, "बरं झालं."

एवढ्यावर थांबता आलं असतं तर मीही थांबलो असतो. पण अजून एक आहे, आणि हेच सांगायला मी इतका फिरून आलोय.

मध्ये काही वर्षं गेली. अप्पा वारले. कामासाठी बसवकल्याणला गेलो होतो, आणि मी ठरवलं — आज जाऊन सांगायचं. घर विचारत विचारत गेलो. सुभद्राक्का दारातल्या कट्ट्यावर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मला वाटलं होतं ओळखणार नाहीत. लगेच ओळखलं. "मशीनवाले साहेब की वो!" भावजयीला चहा टाकायला सांगितलं.

मग सूप बाजूला ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "ती अजून बोलती का वो तिथं?"

मी म्हणालो, "न्हाई."

"मग खरंच हाय की," त्या म्हणाल्या. "मलाच बोलत व्हती." आणि मग, मी काही न विचारता, त्यांनी सांगितलं. त्या दिवशी अंबिका चारा घेऊन आली होती, पण भारा लहान होता. त्यांनी दारातूनच तिला म्हटलं, एवढ्यानं काय व्हतंय, परत जा. ती परत गेली. "तेच ती मला म्हणायली, साहेब. परत जा म्हणायली. मी तर नुसतं परत जा म्हणले व्हते. ती किरपा करून म्हणायली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते बहुतेक संपलं असावं. पुढं म्हणाल्या, पहिल्यांदा त्या फार भ्यायल्या, पण मग म्हशीनं दूध दिलं नाही त्या दिवशीसुद्धा रिकामी किटली घेऊन केंद्रावर गेल्या. नुसतं कार्ड ठेवायला. "घरात तिचं नाव कोणीच घेत नव्हतं. माझा लेक बी न्हाई. तेवढं एकच घेत व्हतं."

ते वाक्य मी लिहिलं होतं, अक्का. एवढंच म्हणायचं होतं. तिनं नाही, मी. तुमचे शब्द माझ्या कानावरही आले नव्हते, ती दूध घरी परत न्यायची सूचना होती हो — एवढंच. तोंडात आलं होतं सगळं. समोर ती बाई बसली होती, जी गेली इतकी वर्षं रोज मान्य करत होती की मेलेली पोर आपल्याला हाकलतेय, आणि तिला त्यातून सोडवायला माझं एक वाक्य पुरे होतं.

मी चहा संपवला. "जास्त विचार करू नका, अक्का," असं म्हणालो. चप्पल घातली आणि निघालो. त्यांनी दारापर्यंत येऊन निरोप दिला, पुन्हा या म्हणाल्या.

जुना प्रोग्राम अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. पुसलेला नाही. आता कुठंही, बँकेत, स्टँडवर, फोनवर, असा तयार आवाज बोलता बोलता किंचित थांबला, की मीही हातातलं काम थांबवतो. त्या थांबण्यात कुणाचं नाव येणार, ते मला माहीत असतं. येतं दुसरंच काहीतरी. पण तोपर्यंत मी ऐकलेलं असतं.

सुभद्राक्का हयात आहेत. बसवकल्याणला, त्याच घरी. बिदरहून तासातासाला बस आहे, भावाच्या घरी फोनही आहे. अक्कांसारख्या ज्यांना वाचता येत नाही त्यांना कळावं, म्हणून मी ते मशीन बोलतं केलं होतं.

आणि हे सगळं मी लिहून काढलंय.